वखारीतली गौरव्वा

टेबलाभोवती बसून भूमिका वठवायच्या खेळात खेळाडू नव्या गावात शिरले की पहिला प्रश्न ज्याला विचारतात, तो माणूस सूत्रधारानं बहुधा ठरवलेलाच नसतो. किल्ला आखून झालेला असतो. किल्ल्याखालचं भुयार, भुयारातला राक्षस, त्याच्या अंगात किती बळ आहे, सगळं वहीत असतं. आणि खेळाडू वेशीतच थांबतात. डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या बाईला विचारतात, ‘‘मावशी, या गावात चाललंय तरी काय?’’ आता मावशीला बोलावंच लागतं. तिचं नाव काय, ती कुठली, या परक्यांना खरं सांगेल की टाळेल, हे सगळं तिथल्या तिथे ठरवायचं असतं. हे प्रकरण त्या मावशीचं आहे.

खेळाडूंची पात्रं सोडली तर उरलेलं सगळं जग सूत्रधाराच्या वाट्याला येतं: राजा, चोर, सराईवाला, पुजारी, मावशी. टेबलाभोवतीची मुलं सूत्रधाराला डीएम किंवा जीएम म्हणतात आणि त्याच्या हातातल्या पात्रांना एनपीसी. सूत्रधार हा शब्द आपल्या रंगभूमीनं फार पूर्वीच आपल्याला दिलाय, तोच मी वापरतो. एनपीसीला मात्र सगळे एनपीसीच म्हणतात.

हा खेळ जन्मला तोच मुळी अशा माणसांच्या गर्दीतून. 1969 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणानं नेपोलियनच्या काळातल्या लढाईचा खेळ मांडला. लढाई ब्राऊनस्टाइन नावाच्या एका काल्पनिक जर्मन शहराजवळ होणार होती. खेळायला माणसं जास्त आली, म्हणून त्यानं उरलेल्यांना शहरातल्या माणसांच्या भूमिका देऊन टाकल्या आणि प्रत्येकाला एकेक स्वतंत्र हेतू दिला. झालं असं, की लढाई बाजूलाच राहिली. लोक एकमेकांना गाठून कानगोष्टी करू लागले, सौदे करू लागले. डाव फसला असं वेस्लीला वाटलं. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला. त्यांच्यात डेव्ह आर्नेसन होता. त्यानं पुढे ‘ब्लॅकमूर’ हे अद्भुत जग रचलं, आणि 1974 साली गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. म्हणजे ड्रॅगन नंतर आले. त्याआधी एक शहर होतं आणि त्यात आपापल्या कामात गुंतलेली माणसं होती.

एनपीसीबद्दल मला जे सांगायचं आहे, ते एवढंच आहे. नायक गावात यायच्या आधीपासून एनपीसीचं काहीतरी चालू असलं पाहिजे आणि नायक निघून गेल्यावरही ते चालू राहिलं पाहिजे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या सूत्रधार-पुस्तकात एनपीसी घडवण्यासाठी दहा मुद्दे दिलेत: व्यवसाय, रूप, कसब, लकब, निष्ठा, गुपित वगैरे. मुद्दे चांगले आहेत, पण टेबलावर दहा गोष्टी कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. माझ्या मते तीन पुरतात. त्याचं काम काय, त्याला ओढ कशाची, आणि त्याचं अडलंय कुठे. ही तीन उत्तरं एकमेकांत अडकलेली असतील तर उरलेलं सगळं तोंड उघडताच आपोआप सुचतं.

अशी माणसं शोधायला परदेशी पुस्तकांतल्या सराया धुंडाळायची गरज नाही. बेळगाव-निपाणीचा पट्टाच घ्या. कोल्हापूरहून महामार्गानं दक्षिणेकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर निपाणी लागते, आणि निपाणी सोडली की तवंदीचा घाट. काळी जमीन, विडीचा तंबाखू, बाजारपेठ, दोन भाषा, दोन राज्यांचे रस्ते. अद्भुत कथेला लागणारं सीमेवरचं व्यापारी शहर इथे आयतं उभं आहे.

त्या शहरात सर्वांत जास्त गोष्टी कुणाला ठाऊक असतील? माझं उत्तर: वखारीत बसणाऱ्या बाईला. तंबाखूच्या वखारीत पान कुटायचं, चाळायचं, निवडायचं काम बायका करत आल्या. पदर नाकातोंडावर घट्ट बांधायचा आणि दिवसभर चाळण हलवायची. खकाणा तरीही आत जातोच; तो डोळ्यांत चरचरतो, घशात बसतो, घरी गेल्यावर लुगड्यातून झटकला तरी निघत नाही. निपाणीच्या या बायका संघटित झाल्या, आणि बंगळूरच्या युगांतर या स्त्रीवादी चित्रपट-गटानं 1982 साली त्यांच्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्याच्या आदल्या वर्षी, 1981 मध्ये, तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडलं होतं. एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. पान पिकवणारा, चाळणारी आणि विकणारा, या तिघांचे हितसंबंध किती वेगळे असतात हे निपाणीनं अंगावर घेतलेलं आहे. सूत्रधारानं हा इतिहास आधी माणसांचा म्हणून वाचावा, मगच त्याला खेळाचं साहित्य म्हणून हात लावावा.

आता घडवू या. खेळातल्या जगात तंबाखू नको, दुसरं काहीतरी हवं. समजा, घाटाखालच्या या गावात ‘सावळी’ नावाचं पान पिकतं. त्याचा धूर घेतला की गेलेल्या माणसाचा आवाज घटकाभर ऐकू येतो. दोन्ही राज्यांतले श्रीमंत लोक त्याला सोन्याच्या मोलानं घेतात. गावात सावळीच्या वखारी आहेत आणि एका वखारीत गौरव्वा चाळण हलवते.

काम झालं. ओढ कशाची? तिची मुलगी बारा वर्षांची आहे, पुढच्या हंगामात तिलाही चाळणीवर बसावं लागेल. ते गौरव्वाला नको आहे. पोरीनं अक्षर शिकावं, बस्स. आणि अडलंय कुठे? नवरा आजारी असताना तिनं वखारवाल्याकडून उचल घेतली होती. उचल फिटेपर्यंत तिला वखार सोडता येत नाही, आणि ती फिटली तर पोरीला चाळणीवर बसवायचं कारणच उरत नाही. किती फिटली हे एका कागदावर लिहिलेलं आहे. कागद राजधानीच्या लिपीत आहे. गौरव्वाला ती लिपी वाचता येत नाही.

हा कागद मी मुद्दाम घातला. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं पुन्हा आखली गेली आणि बेळगाव, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. या सीमावादावर महाजन आयोग आला, त्याचा अहवाल 1967 मध्ये आला, महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालय गाठलं. या सगळ्या वर्षांत सामान्य माणसाशी सीमेची गाठ पडत आली ती कागदावर: सातबारा कुठल्या भाषेत, पोराची शाळा कुठल्या भाषेत, कचेरीतला फलक वाचता येतो की नाही. सरकारी कागद मराठीतही मिळावेत ही इथली जुनी मागणी आहे. तेव्हा तुमच्या अद्भुत जगात दोन राज्यांची सीमा असेल तर तिथल्या प्रत्येक एनपीसीला मनात एक प्रश्न विचारा: वेशीवरचा दगड हलला तेव्हा तुझं काय गेलं? सैनिकांपेक्षा आणि झेंड्यांपेक्षा या उत्तरानं सीमा जास्त खरी वाटते. एका भाषेचे लोक भले आणि दुसरीचे दुष्ट असली वाटणी मात्र करू नका. या भागात शेजारच्या घरात दुसरी भाषा असते आणि वाटीभर साखर त्याच घरातून येते.

गौरव्वाला एक गुपितही देऊ. वीस वर्षं सावळीचा खकाणा छातीत गेल्यामुळे तिला आता धुराशिवायच आवाज ऐकू येतात, तेही अनोळखी माणसांचे. ती हे कुणाला सांगत नाही, कारण वखारवाल्याला कळलं तर तो तिलाच विकायला काढील.

एवढ्या तयारीवर खेळाडू वखारीत आले की प्रसंग साधारण असा चालतो.

‘‘अक्का, काल रात्री इथनं गाड्या गेल्या का?’’

‘‘गाड्या रोजच जातात की. वखार हाय न्हवं ही.’’

‘‘रात्रीच्या, म्हणतोय. वजन न करता.’’

चाळण थांबत नाही. ‘‘तुमास्नी कुणी धाडलंय?’’

इथे सूत्रधारानं फासे उचलावेत. 1974 च्या नियमांतच याची सोय होती: अनोळखी कुणी भेटलं की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. 2 ते 5 पडले तर प्रतिकूल, 9 ते 12 पडले तर अनुकूल, आणि 6 ते 8 म्हणजे त्याचं अजून ठरलेलं नाही. दोन फासे 36 प्रकारे पडू शकतात. त्यातले 10 प्रकार नकाराचे, 10 होकाराचे आणि तब्बल 16 मधल्या घरातले. जुन्या नियमांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. परका माणूस दारात आला की पुष्कळ लोक ना शत्रू होतात ना मित्र. ते थांबून अंदाज घेतात. आजकाल बऱ्याच टेबलांवर नुसता ‘पटवलं की नाही’ एवढाच फासा टाकतात, त्यात हे थांबणं हरवतं.

समजा, 8 पडले. गौरव्वाचं ठरलेलं नाही.

‘‘सांगितलं तर माझी हजेरी जाती. तुमी उद्या घाट चढून जाताय, मी हितंच हाय.’’

एखादा खेळाडू लगेच सोन्याचं नाणं पुढे करील. गौरव्वा ते घेणार नाही. कारण सोपं आहे: ‘‘ह्ये मोडू कुठं मी? बाजारात गेले की तासाभरात मालकाच्या कानावर जातंय.’’ गरीब माणसाला श्रीमंत नाणं खर्च करता येत नाही, ही गोष्ट एका वाक्यात टेबलावर येते आणि खेळाडू विचारात पडतात. मग कुणीतरी कोपऱ्यात बसलेल्या मुलीची चौकशी करतो, नाहीतर विचारतो, अक्का, उचल किती राहिली? आता पुन्हा फासे टाका आणि दोनाची भर द्या. कागद वाचता येणारा एखादा जादूगार बरोबर असेल तर नियमांची गरजच नाही. तो कागद वाचेल आणि कळेल की उचल दोन वर्षांपूर्वीच फिटली आहे. त्यानंतर गौरव्वा रात्रीच्या गाड्यांबद्दल सगळं सांगेल, किती गाड्या, कुठला बैल लंगडत होता तेही. खेळाडूंच्या पुढे मात्र आता दोन कामं असतील आणि भुयारातला राक्षस दुसऱ्या क्रमांकावर गेलेला असेल.

तिच्या बोलण्याबद्दल थोडं. मी तिला एकच लकब दिली आहे: ती बोलते मराठीत आणि मोजते कन्नडमध्ये. पाट्या मोजताना ओंदू, एरडू, मूरू चालू असतं आणि मधूनच मराठीत उत्तर येतं. माणूस आकडे सहसा लहानपणीच्या भाषेत मोजतो, त्यामुळे तिचं माहेर कुठलं हे वेगळं सांगावं लागत नाही. याहून जास्त आवाज काढू नका. कानडी हेल काढून हशा मिळवणं आपल्या नाटक-सिनेमांनी पुष्कळ केलंय आणि त्यातून माणूस कधीच उभा राहिलेला नाही. उलट उदाहरण पाहायचं तर पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब पाहा. पु. ल. काही काळ बेळगावात प्राध्यापक होते, तिथले कृष्णराव हरिहर म्हणजे हे रावसाहेब. त्यांची कानडी वळणाची मराठी, वाक्यावाक्याला येणाऱ्या शिव्या हे सगळं त्या लेखात आहे आणि वाचताना हसू येतंच. पण लेख संपल्यावर मनात राहतो तो गाण्यासाठी, नाटकासाठी जीव टाकणारा माणूस. हेल काढून टाकला तरी रावसाहेब उरतात. तुमचा एनपीसी या कसोटीला लावून पाहा. लकब काढल्यावर हाती काही उरत नसेल तर त्याला ओढ द्यायची राहून गेली आहे.

बेळगावातच वाढलेल्या जी. ए. कुलकर्णींचा वेगळा उपयोग आहे. ‘रमलखुणा’ 1975 साली आलं, त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घ कथा. अनाम प्रदेश, अनोळखी नावं, वाटेवर भेटणारी माणसं. मराठीत अद्भुताचा सूर कसा लागतो हे कुणाला ऐकायचं असेल तर आधी तिकडे जावं. आपल्या टेबलावर सरदार आणि पुजारी इंग्रजी मालिकांतल्यासारखे बोलू लागतात, त्यावर हा चांगला उतारा आहे.

आता एक अगदी वेगळा एनपीसी: भविष्य सांगणारा. अद्भुत खेळांत तो हमखास असतो आणि हमखास फसतो, कारण त्याचं भविष्य फक्त नायकांबद्दल असतं. निवडलेला वीर येईल, तलवार सापडेल, अंधार हटेल. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हा माणूस सूत्रधाराचा निरोप पोचवतोय.

याउलट खरी भाकितं कशी असतात ते पाहा. निपाणीजवळ कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते. ढोल-कैताळाच्या गजरात भाकणूक, म्हणजे भविष्यकथन, होते आणि ती ऐकायला कर्नाटक-महाराष्ट्रातून माणसं जमतात. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेतही भाकणूक आहे. तिथले फरांडेबाबा सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावहून पायी येतात, तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गर्दीत भाकणूक सांगतात. या भाकणुकीत काय असतं? पाऊसपाणी कसं होईल, कुठलं पीक साधेल, धान्याचा भाव चढेल की उतरेल, रोगराई, राजकारण. सगळ्या गावाचं वर्ष त्यात येतं. प्रत्येक जण आपल्या कामाचं तेवढं उचलून घरी जातो.

ही श्रद्धेची स्थळं आहेत. देव, बाबा, यात्रा जशीच्या तशी खेळात आणू नये, नावंही घेऊ नयेत. रचना मात्र शिकण्यासारखी आहे. तुमच्या घाटाखालच्या गावात जत्रेच्या रात्री एक म्हातारा धनगर उभा राहतो आणि सांगतो: पहिला पाऊस पाठ दाखवील, दुसरा पदरात पडेल, ज्वारी महागेल, मीठ स्वस्त होईल, पांढऱ्या बैलाची चोरी होईल, बैल परत येईल, चोर येणार नाही, वेशीवरचा दगड जागचा हलेल.

खेळाडू दगडाला धरतील. तेवढ्यात शेजारचा शेतकरी ज्वारीवरून बायकोशी बोलू लागलेला असेल आणि मिठाचा व्यापारी तोंड पाडून निघालेला असेल. नायकांची गोष्ट चार गोष्टींतली एक झाली, म्हणूनच ती खरी वाटली. सूत्रधाराला याचा पुढेही फायदा होतो. ज्वारी महागेल असं तुम्ही बोलून बसला आहात, मग पुढच्या बैठकीत ती महागलेली दाखवा. ज्वारी महागली की वखारीतल्या बायका आणखी उचल मागतील आणि वखारवाल्याचा हात वर जाईल. पांढऱ्या बैलाचं काय करायचं ते तुम्हाला आज माहीत नसलं तरी चालेल. खेळाडूच एखाद्या रात्री स्वतः बैल चोरतील आणि त्यांच्यातलाच एक जण दचकेल.

वखारवाल्याबद्दल फार लिहीत नाही. त्यालाही काम, ओढ आणि अडचण द्या, एवढं पुरे. फक्त त्याचा सौदा रुमालाखाली होऊ द्या. आपल्याकडच्या बाजारांत हत्ता पद्धत होती: घेणारा व्यापारी आणि शेतकऱ्याचा अडत्या रुमालाखाली हात धरत, बोटांच्या खुणांनी भाव ठरे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला आकडा कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यानं नंतर उघड लिलाव आणला. टेबलावर हे करून दाखवायला खरोखरीचा रुमाल ठेवा. व्यापारी झालेल्या सूत्रधारानं एका खेळाडूचा हात रुमालाखाली धरला आणि बाकीच्यांना काही सांगितलं नाही, की खेळाडूंना त्या बाजारातल्या शेतकऱ्याची जागा लगेच समजते.

राहिली वही. प्रत्येक बैठकीनंतर खेळाडूंनी काय केलं ते सगळेच लिहितात. त्याखाली दोन ओळी एनपीसींसाठी ठेवा: या दिवसांत त्यानं स्वतःहून काय केलं? खेळाडू भुयारात असताना गौरव्वा गप्प बसणार नाही. तिनं शेजारणीला कागदाची गोष्ट सांगितली असेल. शेजारणीनंही आपला कागद काढला असेल, तिलाही वाचता येत नाही. खेळाडू परत येतील तेव्हा वखारीच्या दारात बायका कागद घेऊन बसलेल्या असतील आणि वाचणाऱ्या जादूगाराची वाट पाहत असतील. हे तुम्ही ठरवलेलं नव्हतं, तिच्या ओढीतून ते निघालं. आणि मोहिमेत कुणा खेळाडूचं पात्र मेलं, आणि त्यानं विचारलं की पुढे मी गौरव्वा होऊ का, तर खुशाल हो म्हणा. तिचं वहीतलं पान फाडून त्याच्या हाती द्या, आवाजांच्या गुपितासकट. वखारीतली तिची जागा आता रिकामी पडणार, तेव्हा तिथे कोण येऊन बसलं, ते पुढच्या बैठकीच्या आधी तुम्हाला ठरवावं लागेल.